पुसलेल्या काचांविषयी

४ मार्च २०२४

प्रिय बारक्या,

त्या काचा १९८७ साली पुसल्या गेल्या नाहीत. त्या १९८८ च्या फेब्रुवारी महिन्यात पुसल्या गेल्या. तळघरात पुसल्या गेल्या नाहीत. अभिलेखागाराच्या दुसऱ्या मजल्यावर, दुरुस्ती विभागात, नळाशेजारच्या टेबलावर पुसल्या गेल्या. आणि त्यांच्यावर, तू म्हणतोस तसे, ‘कुठल्यातरी बायकांचे फोटो’ नव्हते. साथीच्या रुग्णालयात काम करता करता त्याच साथीत मेलेल्या परिचारिकांच्या त्या निगेटिव्ह होत्या, आणि त्यांतील बहुतेकींचे दुसरे छायाचित्र जगात कोठेही नव्हते. त्या चित्रफितीतले तुझे निवेदन जेमतेम अर्ध्या मिनिटाचे आहे. त्यात इतक्या चुका मावल्या याचे मला कौतुक वाटते.

तुझी ताई २०१५ च्या नोव्हेंबरात गेली, तेव्हापासून आपल्यात पत्रव्यवहार नाही. तो खंड मी मोडतो आहे, पण प्रेमापोटी नव्हे. ‘बारक्या’ हे टोपणनावही आता तुझ्या आकारमानाला शोभत नाही. परंतु तुझ्या ताईने ठेवलेले नाव बदलण्याचा अधिकार मला नाही, म्हणून तेच वापरतो.

आमच्या ठकीची ती चित्रफीत मला आमच्या खालच्या शिंप्याने दाखविली. तो गळ्यातली टेप तशीच ठेवून जिना चढून आला आणि म्हणाला, “आजोबा, हे तुम्हीच ना? बघा की, लाल गोल केलाय तुमच्या डोक्याभोवती.” खरोखरच केला होता. कर्मचाऱ्यांचे जुने सामूहिक छायाचित्र, आणि त्यात माझे मस्तक लाल वर्तुळात. मग शिंप्याने मला खालच्या प्रतिक्रिया वाचून दाखविल्या. “एकानं लिहिलंय, ह्या म्हाताऱ्यालाच ओल्या फडक्यानं पुसा.” त्याला हसू आवरेना. नंतर आवरले. भला माणूस आहे.

ठकीचे काम वाईट नाही, हे मी मान्य करतो. अभिलेखागारातील एकेक वस्तू काढायची, तिच्यावर उजेड टाकायचा आणि एका मिनिटात तिची गोष्ट सांगायची. मालिकेचे नाव ‘तळघरातून’. नकाशांवरची चित्रफीत मी दोनदा पाहिली. परंतु या चित्रफितीत प्रथम ती रिकामी काच दिसते, तिच्या पलीकडे ठकीची बोटे दिसतात, ठकी म्हणते, “इथे एक चेहरा होता,” आणि मग तू येतोस. मागे तुझा सोफा, सोफ्यावर वाळत घातलेला टॉवेल. तो काढावा असे मामा-भाचीपैकी कोणालाही सुचले नाही.

तू म्हणालास (मी शिंप्याकडून पुन्हा लावून घेऊन उतरून घेतले आहे): “भाऊजींना कुणाचं ऐकायची सवयच नाही. ताई सांगत होती, हात लावू नका. पण हे पडले मोठे पंडित! घेतला ओला कापूस आणि टाकलं सगळं पुसून. मग ताईनं लाजेखातर लगेच नोकरी सोडली.”

तुझ्या ताईने तुला असे सांगितले असेल, तर तिने ते सांगितले. त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते साल, जागा आणि ‘लगेच’ या शब्दाविषयी. तिने नोकरी लगेच सोडली नाही. शिवाय पडद्यावर अक्षरे येतात: ‘आईनी बाबांची खूप मदत केली’. ‘बाबांना मदत केली’ असे पाहिजे, आणि ‘आईने’. ठकी माझ्या हाताखाली मराठी शिकली आहे. लोकांना वाटेल मीच तिला असे शिकविले.

या दुरुस्त्या तू ठकीला कळवाव्यास. माझे पत्र ती उघडत नाही.

तुझा,
भाऊजी


१७ मार्च २०२४

बारक्या,

तुझे उत्तर पोचले. “भाऊजी, सालाचं काय घेऊन बसलात, आता म्हातारपणी तरी चूक कबूल करा,” असे तू लिहितोस. मी ती १९८८ मध्येच कबूल केली आहे, लेखी, स्वाक्षरीसह. एकच गोष्ट माणसाने कितीदा कबूल करावी याचा काही नियम असल्यास कळव.

काल ठकी आली होती.

मी दार उघडले तेव्हा ती फोनचा स्टँड काखेत धरून उभी होती. केस पिकले आहेत तिचे. मला कोणी सांगितले नव्हते.

“चहा घेशील?” मी विचारले.

“नको. मला तुमच्याशी बोलायचंय. म्हणजे, कामाचं.” तिने स्टँड उघडला, त्याचा एक पाय निखळला, तेव्हा तिने फोन माझ्या शब्दकोशाला टेकवून उभा केला.

“तो शब्दकोश आहे.”

“फोन आहे बाबा, वीट नाही. आणि चालू केला नाहीये अजून. घाबरू नका.”

मी घाबरलो नव्हतो; मी शब्दकोश काढून घेतला. तिने दुसरे यंत्र काढले, पाटीएवढे, आणि त्यावर मला एक चित्र दाखविले. रिकाम्या काचेवर एका बाजूने, अगदी आडवा, उजेड टाकलेला. समोरून पाहिले तर काच कोरी दिसते. असा आडवा उजेड टाकला की पुसल्याच्या खुणा उठतात. कडेने लेप थोडा शिल्लक राहिला आहे, त्यात कमानीसारखे फटकारे, एकाशेजारी एक. फार नीटनेटके काम. शेत नांगरल्यासारखे.

“आमचा फोटोवाला म्हणतो, हा हात डावा आहे. सगळ्या काचांवर.”

“‘हात डावा आहे’ असे नव्हे. ‘या डाव्या हाताच्या खुणा आहेत’.”

“बाबा, प्लीज.”

तिने यंत्र माझ्या आणखी जवळ सरकविले.

“तुम्ही उजव्या हातानं लिहिता. उजव्या हातानं जेवता. मला मारलंत तेही उजव्या हातानंच.”

“मी तुला आयुष्यात एकदाच मारले आहे.”

“तेच म्हणतेय. डाव्या गालावर बसली होती.” तिने आपला डावा गाल दाखविला, जणू ती खूणही आडव्या उजेडात दिसली असती. “मग डाव्या हातानं कशा पुसल्यात?”

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

“तुम्हाला?” ती हसली. कडवट हसणे तिने माझ्याकडूनच घेतले आहे. “माझ्या पाचवीतल्या निबंधातल्या चुका तुम्हाला तोंडपाठ आहेत. तुम्हाला आठवत नाही?”

तिने यंत्र पिशवीत ठेवले. खाली शिंप्याचे यंत्र चालत होते. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “मी शाळा सुटली की आईच्या टेबलाखाली बसून राहायचे, आठवतं? ते टेबल अजून आहे. माझ्याच खोलीत घेतलंय मी मागून. रोज त्याच्यावर डबा खाते. मी ह्या कामात आले ना, ती फक्त तिच्यामुळे.”

“ठाऊक आहे.”

“परवाच्या नाही, पुढच्या सोमवारी, पंचवीस तारखेला, दुसरा व्हिडिओ टाकायचाय. लोक विचारतायत पुढं काय झालं. तुम्ही सांगितलं नाहीत, तर मला जे दिसतंय ते मी दाखवणार. मला दाखवावंच लागेल, बाबा. माझं काम आहे ते.” सामान आवरून ती दारापर्यंत गेली, आणि तिथे थांबून एकदम म्हणाली, “आणि तुम्ही पुसल्या नसतील, तर त्या सूचीवर तुमचं नाव परत लागेपर्यंत मी भांडेन. संचालकांशी, सगळ्यांशी. एवढं सांगते.”

ती सूची काय हे तुला ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. अभिलेखागारातील सर्व छायाचित्रांची वर्णनासह सूची मी तयार केली. माझ्या उमेदीची सगळी वर्षे त्यात गेली. ती छापून निघाली तेव्हा मी काचा पुसणारा म्हणून ठरलेलो होतो. मुखपृष्ठावर ‘संपादक मंडळ’ असे छापले. असे कोणतेही मंडळ नव्हते. आता ती संगणकावर आली आहे, अजूनही मंडळाच्याच नावाने.

तुझी ताई डावखुरी होती, हे मी तुला सांगावयास नको. ठकीलाही नको. तिने ते उच्चारले नाही, इतकेच.

भाऊजी


२० मार्च २०२४

बारक्या,

काल तू शिंप्याच्या फोनवर रडलास. तो बिचारा हातात कात्री घेऊन उभा, समोर गिऱ्हाईक अर्ध्या मापात उभे, आणि फोनमधून तुझा आवाज: “भाऊजी, ताई डावखुरी होती हो. खरं काय ते सांगा. मी काय बोलून बसलो?” मी “लिहून कळवितो” म्हणून फोन परत दिला. दुकानात सांगण्याची ही गोष्ट नव्हे. आता एकदाच सांगतो. पुन्हा विचारू नकोस.

ती पेटी रुग्णालयातून आली. काचा जुन्या, आंबट वासाच्या कागदी पाकिटांत होत्या. ती पाकिटे काचांना खातात, म्हणून ती बदलावीत अशी चिठ्ठी लिहून मी पेटी दुरुस्ती विभागात, तुझ्या ताईकडे, पाठविली. पाकिटे बदलावीत, एवढेच. तुझ्या ताईचा हात कागदाचा. फाटलेला, बुरशी आलेला, किड्यांनी चाळण केलेला कागद तिच्या हातून असा जाई, की तो फाटला होता हे शपथेवर सांगावे लागे. तिच्यासारखी दुसरी मी पाहिली नाही. परंतु काच तिने कधी हाताळली नव्हती.

काचेच्या निगेटिव्हला दोन बाजू असतात. एक चकचकीत, ती नुसती काच. दुसरी मंद, धुरकट. त्या बाजूला पातळ लेप असतो आणि त्या लेपात माणूस असतो. कागदाच्या माणसाला चकचकीत बाजू स्वच्छ वाटते आणि मंद बाजू मळलेली. तिला ती मळलेली वाटली. तिने कोमट पाणी घेतले, कापूस घेतला, आणि मळ निघेपर्यंत पुसले. एकेक काच, मन लावून.

मी वर गेलो तेव्हा काचा उन्हात ओळीने उभ्या होत्या आणि ती हात पुशीत होती. मला पाहून म्हणाली, “बघा तरी, किती लख्ख निघाल्या!” तिला वाटले मी शाबासकी देईन. मी एक काच उचलून खिडकीसमोर धरली. तिच्यातून मला समोरची इमारत दिसली, समोरच्या इमारतीत कोणीतरी वाळत घातलेली चादर दिसली, सगळे स्वच्छ दिसले. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग तीही खिडकीसमोर काच धरू लागली. एक ठेवी, दुसरी उचली. मी तिला थांबविले नाही.

ती हंगामी होती. तिला कायम करण्याचा कागद संचालकांच्या टेबलावर सहीला होता. मी कायम होतो. हंगामी माणसाला काढतात. कायम माणसाला फक्त हलवतात. हा हिशेब मी तिथल्या तिथे केला आणि तिला सांगितला. ती “नको” म्हणाली नाही, हे मी नोंदवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मी लिहून दिले. मला आवक-जावक विभागात बसविले. पाकिटांवर शिक्के मारता मारता मी निवृत्त झालो. आणि ज्या नोकरीसाठी हे केले, ती तिने ऑगस्ट संपताच सोडली. काच पाहिली की पुढचे काम सुचत नाही, असे कारण तिने मला सांगितले. तुला काय सांगितले ते आता सगळ्या जगाला माहीत आहे.

मला एवढ्याने काही वाटले नसते. तुला खोटे सांगणे आवश्यकच होते. तू पोटात काही ठेवीत नाहीस. परंतु तिने ते घरातही सांगण्यास सुरुवात केली. ठकी मोठी होत होती, विचारी, “बाबा आता वर का नाही बसत?” आणि तुझी ताई माझ्यादेखत, ताटे मांडता मांडता, सांगे: मी बजावले होते, यांनी ऐकले नाही. सुरुवातीला हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नसे. पुढे पाहू लागली. रागाने पाहू लागली, बारक्या. ती खोटे बोलत नव्हती. ती खरेच तसे समजू लागली होती. भाषेच्या चुका दुरुस्त करीत मी जन्म घालविला. त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती, म्हणून मी मुकाट्याने जेवत असे.

आता तू म्हणशील, सांगून टाका. मी तसा विचार केला नाही असे नाही. ते नाव मला हवे आहे. मुखपृष्ठावर, पूर्ण, आद्याक्षरांसह. आणि दारात उभे राहून “भांडेन” म्हणणारी मुलगीही मला हवी आहे. इतक्या वर्षांत माझ्या बाजूने बोललेले तिचे ते पहिले वाक्य. दोन्ही मला एका वाक्यात मिळतात. ते वाक्य मी तीन दिवस लिहून पाहतो आहे. ते अगदी निर्दोष जमले आहे.

परंतु ठकी रोज त्या टेबलावर डबा खाते. तिला तेथून मी उठविणार नाही.

हे मी तुझ्या ताईसाठी करीत आहे असे समजू नकोस. तिच्यासाठी करावयाचे ते मी एकदा केले. त्याची पोच मिळाली नाही. ठकीने मला कधीच टाकले आहे. टाकलेल्या माणसावर आणखी एक डाग पडला तर कोणाच्या नजरेला येणार? आई मात्र तिच्याजवळ एकच आहे. तीही मी काढून घेतली, तर त्या बदल्यात तिच्या हाती काय पडेल? मी. ज्याने तिच्या फोनमागून शब्दकोश काढून घेतला, तो.

म्हणून मी तिला असे कळविणार आहे की, त्या आठवड्यात माझे उजवे मनगट मुरगळले होते आणि मी डाव्या हाताने काम करीत होतो. माझे मनगट जन्मात कधी मुरगळलेले नाही. तू मात्र ते मुरगळलेले पाहिले आहेस. तेव्हा तू आमच्याकडे आला होतास, जिन्यात मी घसरलो, आणि पट्टी तूच बांधलीस. ठकी तुला विचारील. सोमवारच्या आत विचारील. तुला कॅमेऱ्यासमोर खोटे बोलण्याचा सराव आहेच. या वेळी फक्त जाणूनबुजून बोल. आणि सोफ्यावरचा टॉवेल काढ.

हे पत्र वाचून फाडून टाक. तू ते फाडणार नाहीस, जपून ठेवशील आणि एखाद्या दिवशी तुला उमाळा येईल, अशी मला भीती वाटते. तसे झाल्यास एवढे लक्षात ठेव, की तुझी ताई ज्या एका गोष्टीत स्वतःला सावरू शकली नाही, तीत तिला सावरण्याची पाळी आता तुझ्यावर आहे. आजवर ते मी एकट्याने केले.

भाऊजी


२२ मार्च २०२४
(ठकीला पाठविलेल्या पत्राची नक्कल, बारक्याच्या माहितीसाठी)

चि. ठकी हिस,

अनेक आशीर्वाद.

गेल्या शनिवारी तू विचारलेस त्याचे उत्तर मला आठवले. माझी स्मृती पूर्वीसारखी राहिली नाही; त्या दिवशी तुझ्यासमोर ते कबूल करणे मला जड गेले. पहिल्या चित्रफितीतील चुकलेल्या तारखा दुरुस्त करून आणि सुटलेल्या भरून खाली देत आहे. दुसऱ्या चित्रफितीत याच वापराव्यास. माझी मुलाखत घेण्याची आवश्यकता आता उरलेली नाही.

९ फेब्रुवारी १९८८. परिचारिकांच्या काचांची पेटी अभिलेखागारात आली. (चित्रफितीत ‘१९८७’, चूक.)

११ फेब्रुवारी १९८८. जिन्यात पाय घसरून माझे उजवे मनगट मुरगळले. पुढे काही दिवस मी सर्व कामे डाव्या हाताने केली. (चित्रफितीत नाही. तुझ्या मामाने पट्टी बांधली होती; त्याला विचार.)

१६ फेब्रुवारी १९८८. काचांना हात लावू नये असे तुझ्या आईने मला बजावले. (मामाचे म्हणणे बरोबर, त्याने तारीख दिली नव्हती.)

१७ फेब्रुवारी १९८८. तुझी आई जागेवर नसताना, तिच्या टेबलावर, मी काचा पुसल्या. (चित्रफितीत ‘तळघरात’, चूक.)

१८ फेब्रुवारी १९८८. मी लेखी कबुली दिली. (चित्रफितीत ‘बरेच दिवस लपवून ठेवलं’, एकही दिवस लपविले नाही.)

१ एप्रिल १९८८. माझी आवक-जावक विभागात बदली. (चित्रफितीत नाही.)

३१ ऑगस्ट १९८८. तुझ्या आईचा राजीनामा. (चित्रफितीत ‘लगेच’, चूक.)

७ जानेवारी १९९१. छायाचित्रांची सूची प्रकाशित झाली. तिच्या मुखपृष्ठावर जे छापले आहे ते योग्य आहे. त्याविषयी कोणाशीही भांडू नयेस.

३ नोव्हेंबर २०१५. दुपारी, तू औषधे आणण्यास खाली गेली होतीस तेव्हा, तुझ्या आईने माझा हात हातात घेऊन, काचांबद्दल मला क्षमा केली. (चित्रफितीत नाही, घालावे.)